ऊसतोड कामगार स्त्रीचे शिल्प: ओझे, चौथरा आणि आरोप

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. इतर वाचणाऱ्यांसाठी तो आधी थोडक्यात सांगते. तुम्ही शिल्पकलेच्या शेवटच्या वर्षाला आहात, बीड जिल्ह्यातले आहात आणि घरची माणसे दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. वर्षअखेरच्या कामासाठी तुम्हाला गर्भाशय काढून टाकलेल्या ऊसतोड कामगार स्त्रीचे पूर्णाकृती शिल्प करायचे आहे. तुमच्या आराखड्यात ती चौथऱ्यावर उभी आहे, तिचे पोट उघडे असून त्यात कोयता रुतलेला आहे आणि मागून आलेल्या एका हाताने तिचे केस धरले आहेत. त्या हाताला पांढरी कडक बाही आहे आणि बोटांत नोटा आहेत. शिक्षक म्हणाले की हे शिल्प नव्हे, पोस्टर झाले. हे खरे आहे का, काम सिमेंटमध्ये करावे की फायबरमध्ये, आणि ते गावात बसवले तर त्रास होईल का, असे तुम्ही विचारले आहे.

शिक्षकांचे निदान मला मान्य आहे, परंतु ते कारणाशिवाय सांगितल्यामुळे तुम्हाला ते केवळ नावड वाटले असावे. कारण असे आहे. उघडे पोट, कोयता, केस धरणारा हात, पांढरी बाही आणि नोटा ही पाच चिन्हे आहेत, आणि पाहणारा ती बातमीच्या मथळ्यासारखी वाचून टाकतो. त्याला अर्थ लगेच कळतो, तो मान डोलावतो आणि पुढे जातो. शिवाय तो हात पुढाऱ्याचा असल्यामुळे बाकी सगळे सुटतात: उचल म्हणजे आगाऊ रक्कम देऊन माणसे बांधून घेणारा मुकादम सुटतो, ज्याच्या गाळपाच्या वेळापत्रकावर सगळे चालते तो कारखाना सुटतो, तपासणी न करता शस्त्रक्रियेचा सल्ला देणारा डॉक्टर सुटतो आणि साखर घालून चहा पिणारा प्रेक्षकही सुटतो. ज्या शिल्पाशी पाहणारा प्रत्येक जण विनातक्रार सहमत होतो, त्या शिल्पाने कोणावरही आरोप केलेला नसतो. तेव्हा शोषण कसे दाखवावे हा तुमचा खरा प्रश्न नाही. पाहणाऱ्याला सहज मान डोलावता येऊ नये यासाठी देह कसा घडवावा, हा तो आहे.

यातले बरेच काही परिस्थितीवर अवलंबून आहे, हे आधीच मान्य करते. काम महाविद्यालयाच्या प्रदर्शनात चार भिंतींच्या आत राहणार असेल तर आकार, साहित्य आणि परवानगी यांचे प्रश्न जवळजवळ उरत नाहीत. ते मुंबई-पुण्याच्या दालनात जाणार असेल तर प्रेक्षकाला फड म्हणजे ऊसतोड चालू असलेले शेत हेच ठाऊक नसेल आणि काही खुणा ठेवाव्या लागतील. परंतु तुम्ही गावात बसवण्याचे म्हटले आहे, आणि तुमच्या गावात प्रत्येक घरात कोयता आहे. त्यांना कोयता दाखवून काही कळवायचे नाही. मी पुढचे सगळे हेच गृहीत धरून लिहिते आहे.

प्रथम ओझ्याविषयी. तुमच्या आराखड्यातली स्त्री काहीच करत नाही. तिच्यावर सगळे केले जाते. माझ्या अनुभवात मानवाकृतीतून सामाजिक भाष्य करायचे असेल तर आकृती कामात असलेली बरी, कारण कामात असलेला देह खोटे बोलत नाही. ऊस तोडून, वाढे म्हणजे शेंड्याची हिरवी पाने छाटून, मोळी बांधून झाल्यावर ती मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणारी बाई तुम्ही लहानपणापासून पाहिली असेल. आता ती मोजमाप घेणाऱ्याच्या नजरेने पाहा. मोळी साधारण तीस-चाळीस किलोची असते. डोक्यावर चुंबळ, तिच्यावर लांब आडवी मोळी, आणि पायाखाली हलणारी अरुंद फळी. मान पुढे झुकवता येत नाही, म्हणून ती नजर खाली न नेता पायाच्या तळव्याने फळी चाचपते. मानेच्या दोन्ही बाजूंचे स्नायू दोरीसारखे ताठ होतात, खांदे वर चढतात, बरगड्यांचा पिंजरा एका जागी आवळला जातो आणि श्वास पोटात उतरतो. सगळे वजन चुंबळीतून, मणक्यातून, कटीतून मागच्या टाचेत जाते. एक हात मोळीला असतो आणि दुसरा हवेत तोल धरतो. त्या मोकळ्या हाताकडे विशेष लक्ष द्या. बोटे पसरलेली असतात, पण ताठ नसतात. माझ्या मते सगळ्या आकृतीत तोच अवयव घडवायला सर्वांत अवघड आहे आणि तोच सर्वांत जास्त बोलतो.

ओझ्याखालचा देह आपल्याकडे नवा नाही. मराठवाड्यात हेमाडपंती मंदिरांचे खांब जागोजागी आहेत, आणि त्यांच्या माथ्यावर छत पेलणारे कीचक आहेत. त्यांची पोटे दबलेली, गुडघे मुडपलेले आणि खांदे कानांपर्यंत आलेले असतात. तरी कित्येकांच्या चेहऱ्यावर त्रासाचा मागमूस नसतो, काही तर चक्क हसतात. वेरूळच्या कैलासाच्या तळाशी हत्तींची रांग अख्खे देऊळ पाठीवर घेऊन उभी आहे. हे सारे पाहताना भक्ती आणि कौतुक बाजूला ठेवून वजन कुठून कुठे जाते एवढेच टिपा. त्याच वेरूळला २१ क्रमांकाच्या रामेश्वर लेण्यात काल आणि काली यांच्या सापळ्यासारख्या आकृती आहेत: बरगड्या, खोल गेलेले पोट, हाडांवर ताणलेली कातडी. दुष्काळाचा देह दगडात कसा कोरावा हे ज्या भूमीत सुमारे चौदाशे वर्षांपूर्वी ठाऊक होते, तिथल्या विद्यार्थ्याने उपासमारीची प्रतिमा परदेशी मासिकातून उचलण्याचे कारण नाही. शहरात राहून मी स्वतः त्या लेण्यात जितकी जाते तितकी कोणत्याही संग्रहालयात जात नाही.

आणखी एक गोष्ट रचनेच्या दृष्टीने मोलाची आहे. हिशेबात नवरा-बायकोची जोडी मिळून 'एक कोयता' म्हणून मोजली जाते. उचल जोडीला, टनाचा हिशेब जोडीचा आणि एकाने खाडा केला, म्हणजे कामावर आला नाही, तर दंड जोडीला. बाई आजारी पडली तर तिची विश्रांती नवऱ्याच्याही मजुरीतून कापली जाते. पाळी, गरोदरपण, अंगावरून जाणे या सगळ्याचा खाडा होतो, आणि २०१९ मध्ये ज्याची देशभर चर्चा झाली त्या शस्त्रक्रियांच्या मागे हे गणित मोठ्या प्रमाणात आहे. मग शिल्पात ती एकटी का असावी? दोन देह, परंतु वस्तुमान एक. चार पाय, आणि वर एकच मोळी. खालून पाहिले तर कोणता पाय कोणाचा हे क्षणभर कळू नये. हे तुम्ही करावेच असे मी म्हणत नाही. पण नोटा धरलेल्या हातापेक्षा या रचनेतून पैशाचा व्यवहार अधिक नेमका सांगितला जातो, आणि त्यासाठी एकही नोट घडवावी लागत नाही.

आता जखमेविषयी, कारण तुमचा मूळ विषय तोच आहे. केटे कोलविट्झ या जर्मन कलावतीचा धाकटा मुलगा पीटर ऑक्टोबर १९१४ मध्ये पहिल्या महायुद्धात मारला गेला. त्याच्या स्मारकाचे काम तिने लवकरच हाती घेतले आणि सुरुवातीच्या कल्पनेत मुलाचा मृतदेह होता. पुढे तिने तो काढून टाकला. १९३२ मध्ये बेल्जियममधल्या सैनिकी दफनभूमीत जे शिल्प उभे राहिले, त्यात फक्त गुडघे टेकलेले आई आणि वडील आहेत, वेगवेगळ्या चौथऱ्यांवर, एकमेकांपासून अंतर राखून, स्वतःच्या हातांनी स्वतःला आवळून धरलेले. ज्याच्यासाठी शिल्प आहे तो शिल्पात नाही. वडिलांनी आपले हात काखेत दाबून धरले आहेत, एवढ्यावरून युद्धाविषयी जे कळते ते प्रेत दाखवून कळले नसते.

तुमच्या विषयाला हेच लावून पाहा. उघडे पोट दाखवले की पाहणाऱ्याचे डोळे तिथे खिळतात किंवा तिथून पळतात. दोन्ही वेळा बाई उरत नाही. शिवाय ज्या स्त्रीची शस्त्रक्रिया झाली आहे तिने गावात रोज येता-जाता स्वतःचे उघडे पोट पाहावे, हा तिच्यावरचा दुसरा अत्याचार ठरू शकतो. त्याऐवजी शस्त्रक्रियेनंतर देहाचे काय होते ते घडवा. गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले असतील तर पाळी जाण्याचे वय अकाली येते, हाडे झिजतात आणि कंबर धरते. तिशीतली बाई पन्नाशीतल्या बाईसारखी उठते-बसते. तरुण चेहरा आणि म्हातारी कंबर, गुळगुळीत दंड आणि उठताना गुडघ्यावर टेकलेला पंजा, ही विसंगती मातीत उतरवता येते. गावातल्या बायका ती क्षणात ओळखतील. बाहेरच्या माणसाला आधी फक्त काहीतरी चुकल्यासारखे वाटेल आणि तो परत फिरून पाहील, आणि भाष्याची सुरुवात तिथे होते. शेतकरी आत्महत्येवर काम करणारे विद्यार्थी माझ्याकडे फासाची दोरी घेऊन येतात, त्यांनाही मी हेच सांगते: दोरी काढा आणि मग उरलेल्या शिल्पात काय आहे ते पाहा. बहुतेक वेळा काहीच नसते, म्हणूनच दोरी लागलेली असते.

आता चौथरा. आपल्याकडे उंच चौथऱ्यावर उभ्या केलेल्या माणसाचे दोनच अर्थ होतात: तो महापुरुष तरी असतो किंवा देव तरी. तिसरा अर्थ लोकांच्या डोळ्यांना परिचित नाही. पाणीटंचाईवरचे माझे एक काम, घागर घेऊन बसलेली स्त्री, धाराशिव जिल्ह्यातल्या एका गावात साध्या ओट्यावर बसवले होते. थोड्याच काळात तिच्या कपाळावर कुंकू आले, मग हार, मग नारळ. यात गावाचा दोष नाही. जिथे घरोघरी महालक्ष्म्या मुखवटे लावून, साडी नेसवून उभ्या केल्या जातात, तिथे स्त्रीची आकृती दिसली की हात जोडले जाणारच. पण पूजा सुरू झाली की पाण्याचा प्रश्न विचारणे बंद होते, आणि तुमच्या ऊसतोड बाईला कोणी 'कोयतामाता' केले तर तिच्यावर अन्याय करणारे सर्वांत आधी हार घेऊन येतील. फ्रेंच शिल्पकार रोदँला हा पेच वेगळ्या रूपात पडला होता. १३४७ च्या वेढ्यात शहर वाचवण्यासाठी गळ्यात दोर घालून निघालेल्या कॅले या फ्रेंच शहरातल्या सहा नागरिकांचे शिल्प त्याने जमिनीलगत, लोकांच्या गर्दीत ठेवायचे म्हटले होते. १८९५ मध्ये ते उंच बैठकीवरच बसवले गेले आणि १९२४ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, नगरभवनासमोर खाली आले. फोटोतही फरक दिसतो: खाली आल्यावर ती माणसे घाबरलेली दिसतात.

तुमच्यासाठी सर्वांत जवळचा आधार मात्र शांतिनिकेतनात आहे. शिल्पकार रामकिंकर बैज यांनी १९३८ मध्ये घडवलेले 'संथाल परिवार' हे बिऱ्हाड पाठीवर घेऊन कामाच्या शोधात निघालेले कुटुंब आहे: कावडीत एका बाजूला मूल, सोबत बाई, पायांत कुत्रा. ते कोणाचे स्मारक नाही आणि कोणाच्या जयंतीला त्याला हार घालता येत नाही. बैठक बुटकी आहे आणि आकृती चालत्या आहेत, त्यामुळे पूजेला उभे राहायला जागाच मिळत नाही. याउलट चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावरचे देवीप्रसाद रायचौधुरी यांचे १९५९ मधले 'ट्रायम्फ ऑफ लेबर' पाहा. खडक हलवणाऱ्या चार मजुरांचे ते शिल्प कारागिरीत अव्वल आहे, पण ती शरीरे तालमीतली वाटतात. श्रमाचा गौरव होतो, मजुरीचा दर विचारला जात नाही. ही माझी आवड-निवड आहे, आणि कामगार चळवळीतले माझे काही मित्र यावर माझ्याशी कडाडून भांडतात.

चौथरा टाळून माणसांना जवळ आणायचा आणखी एक मार्ग सोलमधल्या २०११ च्या शिल्पात आहे. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने लैंगिक गुलाम केलेल्या मुलींच्या स्मरणार्थ तिथे जपानी वकिलातीसमोर एक अनवाणी मुलगी खुर्चीवर बसवली आहे. मुठी आवळलेल्या, टाचा जमिनीला पुरत्या न टेकलेल्या, आणि शेजारी एक रिकामी खुर्ची. लोक तिथे येऊन बसतात, थंडीत तिला मोजे आणि मफलर घालतात. तिच्या हातात ना फलक आहे ना शस्त्र, तरी दोन देशांच्या सरकारांमध्ये तिच्यावरून वाद झाला.

पांढऱ्या बाहीच्या हाताविषयी वेगळे सांगायला हवे, कारण सत्ताधाऱ्याची टर उडवणे हा शिल्पाचा जुना आणि रास्त उद्योग आहे. ओनोरे दोमिए या फ्रेंच कलावंताने १८३२ पासून फ्रान्सच्या पुढाऱ्यांची छोटी मुंडकी कच्च्या मातीत घडवून रंगवली. त्याच वर्षी राजाच्या व्यंगचित्राबद्दल तो तुरुंगातही गेला. त्या मुंडक्यांतली माणसे आज बहुतेकांना ठाऊक नाहीत. पण १८५१ च्या सुमाराचा त्याचा 'रातापुआल', झिजलेल्या कोटातला, काठीवर रेललेला, मिशांना पीळ दिलेला सत्तेचा दलाल, आजही कोणत्याही तालुक्याच्या नाक्यावर भेटतो. तो कोणी एक माणूस नव्हता, माणसांचा एक नमुना होता. दोमिएच्या हयातीत ते शिल्प ब्राँझमध्ये ओतलेही गेले नाही. तुम्हाला मुकादम किंवा पुढारी करायचाच असेल तर तो वेगळे, हातात मावेल एवढे शिल्प म्हणून करा, आणि ओळखीच्या माणसाचा चेहरा घेऊ नका. एक तर भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमाखाली बदनामीची तक्रार होऊ शकते. दुसरे म्हणजे तो माणूस पुढच्या निवडणुकीत पडला की तुमचे शिल्प शिळे होते. पैठणच्या नाथांनी भारुडात नाव कोणाचे घेतले नाही, सोंगे उभी केली, आणि ऐकणारा प्रत्येक जण आपल्या शेजाऱ्याकडे पाहून हसला.

साहित्याचे उत्तर त्यामानाने सोपे आहे. बाहेर बसवायचे असेल तर सिमेंट. फायबर हलके असते, साच्यातून लवकर निघते आणि प्रदर्शनासाठी सोयीचे आहे, पण आपल्या उन्हाळ्यात काही वर्षांत त्याचा रंग उडतो, पृष्ठभाग खडबडीत होतो आणि धातूचा आव आणलेला मुलामा उघडा पडतो. ब्राँझ उत्तम, पण विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेर आहे आणि चोरांच्या आवाक्यात आहे: शिल्पकार सोमनाथ होर यांचे व्हिएतनामवरचे आई-मुलाचे मोठे ब्राँझ १९७७ मध्ये शांतिनिकेतनच्या कलाभवनातूनच चोरीला गेले. रामकिंकरांनी सिमेंटमध्ये तिथल्या लाल जांभ्याची खडी मिसळली होती. तुम्ही क्रशरवरची काळ्या दगडाची कच आणि बारीक खडी वापरा. पृष्ठभाग ओला असताना ब्रशने धुतला की दगड वर येतो आणि शिल्प तुमच्या शिवारातलेच वाटते. आतले आर्मेचर म्हणजे लोखंडी सांगाडा गंजू नये म्हणून सळईवर सगळीकडे किमान इंचभर सिमेंट हवे, मनगट आणि घोट्यापाशीही. ऑगस्ट २०२४ मध्ये मालवणला राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा कोसळला त्यानंतर आतल्या लोखंडाबद्दल मी अधिक सांगायला नको. मातीकाम शाडूत करा. आपली काळी माती वाळताना आकसते आणि आकृतीला भेगा पाडते. तीच माती पायाही हलवते. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात फाटते, आणि दोन-तीन वर्षांत शिल्प कलते. म्हणून मुरूम लागेपर्यंत खणल्याशिवाय पाया भरू नका. आकाराचे म्हणाल तर उघड्यावर माणसाएवढी आकृती माणसापेक्षा लहान दिसते. जमिनीलगत ठेवायची असेल तर एक दशांशाने वाढवा, त्याहून जास्त नको, नाहीतर ती पुन्हा देवी होईल.

त्रासाविषयी: सर्वोच्च न्यायालयाच्या १८ जानेवारी २०१३ च्या आदेशानुसार सार्वजनिक रस्ते, पदपथ अशा जागी पुतळ्यांना परवानगी देता येत नाही, तेव्हा चौक डोक्यातून काढून टाका. थोर व्यक्तींच्या पुतळ्यांसाठी मातीच्या प्रतिकृतीला कला संचालनालयाची मान्यता आणि जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. तुमचे काम पुतळा नव्हे, शिल्प आहे असे तुम्ही म्हणाल, पण तक्रार झाली की तो युक्तिवाद तुम्हालाच करावा लागेल. खासगी मालकीची जागा घ्या, मालकाची लेखी संमती घ्या, आणि ग्रामसभेत छोटी प्रतिकृती ठेवून ठराव करून घ्या. ग्रामसभा तुमची टोळी फडावरून परतल्यावर घ्या, म्हणजे ज्यांच्याविषयी शिल्प आहे त्या बायका गावात असतील. त्यांच्यापैकी जिच्यावरून तुम्ही आकृती बेतणार आहात, तिची संमती इतर सगळ्या कागदांच्या आधी हवी, आणि ती नाही म्हणाली तर चेहरा बदलण्याची तयारी हवी. विरोध झालाच तर तो बहुधा कारखान्याकडून होणार नाही. गावची बदनामी होते असे म्हणणाऱ्या आपल्याच माणसांकडून होईल, आणि त्यांच्याशी बोलायला तुमच्यापेक्षा त्या बायका अधिक समर्थ असतात.

पुढचा टप्पा म्हणून हातभर उंचीच्या तीन-चार मातीच्या प्रतिकृती करा: एक फळीवर चढणारी, एक जोडीची, एक कंबरेला हात लावून उठणारी, आणि तुमचा मूळ आराखडाही एकदा मातीत करून पाहाच, कारण कागदावर जे ठाम वाटते ते मातीत कित्येकदा स्वतःहून गळून पडते. फोटो टाकाल तेव्हा समोरून नकोत. पाठीमागून आणि डाव्या-उजव्या बाजूने, डोळ्यांच्या उंचीवरून घ्या आणि शेजारी एक पट्टी ठेवा, म्हणजे वजन टाचेत उतरते आहे की नाही हे मला सांगता येईल.